नवरा चौकशीला चीनला गेला आहे

पद्मनाभ हरवेल अशी भीती मला वाटत नाही. जो माणूस दर दहा पावलांवर कुणाला तरी काहीतरी विचारतो, तो हरवत नाही. माझी भीती नेमकी त्या विचारण्याचीच आहे. भाजी चिरताना, एमआरटीच्या गाडीत उभी असताना, आणि आत्ता झोप येईना म्हणून उठून हे लिहायला बसले तरी एकच गोष्ट डोक्यातून हलत नाही: हा माणूस या घडीला चीनमध्ये कुणासमोर बसला असेल आणि त्याला काय विचारत असेल.

पद्मनाभ माझा नवरा. इथे सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात त्याने सगळी नोकरी काढली आणि यंदा निवृत्त झाला. चीनच्या बंदरांना जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासणं हे त्याचं काम. निंगबो, छिंगदाओ, शांतौ ही नावं आमच्या घरात आत्या-मावश्यांसारखी घेतली जायची. आज निंगबोचं काही खरं नाही, शांतौने पुन्हा घोळ घातला, असं जेवताना चालायचं. यातलं एकही गाव त्याने पाहिलं नव्हतं. माल जायचा, हा खुर्चीतच.

माणूस साधा आहे, पण चौकशी केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सेरंगूनचा आमचा फ्लॅट घेण्याआधी तो कितीतरी संध्याकाळी या ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत येऊन बसत असे. एजंटच्या बोलण्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. वरच्या मजल्यावरचे लोक रात्री खुर्च्या ओढतात का, शेजारच्या घरात भांडणं होतात का, हे त्याला म्हाताऱ्यांच्या गप्पांतून काढायचं होतं. आमच्या मुलीला, कस्तुरीला, शाळेत घालायच्या वेळी हा शाळा सुटताना फाटकापाशी उभा राहून मुलांनाच विचारायचा की बाई फार ओरडतात का. एकदा तिथल्या रखवालदाराने त्यालाच बाजूला घेऊन नाव-गाव विचारलं. तरी हा खूश. घरी येऊन म्हणाला, शाळा चांगली आहे, लक्ष असतं यांचं.

हे त्याच्या घराण्यातच आहे. आमचं लग्न ठरायच्या वेळी त्याचे मामा नगरला आले, ते एसटीतून उतरून आमच्या घरी आलेच नाहीत. आधी आमच्या इस्त्रीवाल्याकडे गेले, मग डॉक्टरांच्या कंपाउंडरकडे, मग वाचनालयात. संध्याकाळी पोहे खायला आमच्याकडे टेकले तोवर त्यांना आमच्याबद्दल माझ्या वडिलांपेक्षा जास्त माहिती होती. मुलगी पुस्तकं उशिरा परत करते, बाकी घर चांगलं, असा त्यांनी निकाल दिला. पुढे कित्येक वर्षं सासरी मला कुठे उशीर झाला की वाचनालयाचा विषय निघायचा. माझा संताप व्हायचा. पद्मनाभला त्यात रागावण्यासारखं काही दिसायचंच नाही. जन्माचं नातं जोडायचं त्या घराची चौकशी करायची नाही तर कुणाची करायची, हे त्याचं म्हणणं.

आता कस्तुरीचं लग्न ठरलं आहे. मुलगा झीयांग को, इथलाच, चिनी. तिच्याच ऑफिसात आहे, इमारतींच्या लिफ्टचं काम बघतो. घर तोआ पायोहला. आई-वडील आणि एक आजी, तिला सगळे आमा म्हणतात. मुलाला नाव ठेवायला जागा नाही. आमच्याकडे आला की चपला नीट लावतो, वरणभात पोटभर जेवतो, आणि पद्मनाभचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो, जे कस्तुरीने आजवर केलेलं नाही. दोघांनी सरकारी फ्लॅटसाठी अर्ज केला, नंबर लागला आणि मग आम्हाला सांगितलं की लग्न करतोय. इथे असंच असतं, आधी घर, मग नवरा.

चिनी नवीन वर्षानंतर को मंडळींनी आम्हाला जेवायला बोलावलं. पद्मनाभ त्याआधी कितीतरी दिवस तयारीला लागला होता. त्यांनी विचारलं तर आपलं मूळ गाव कोणतं सांगायचं, त्याचे वडील काय करायचे, घरात कुणाला साखरेचा त्रास आहे का, सगळं त्याने इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. आणि त्या लोकांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. झीयांगची आई शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. तिने माशाचा गालाजवळचा मऊ तुकडा पद्मनाभच्या ताटात वाढला आणि फक्त एवढंच विचारलं की जेवणावळीला तुमच्याकडची किती टेबलं धरू. त्यांच्यात पाहुणे माणसांत मोजत नाहीत, टेबलांत मोजतात. झीयांगचे वडील हसत होते आणि चहा ओतत होते. शेवटी पद्मनाभनेच आमाला तिचं मूळ गाव विचारलं. झीयांगने तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलून गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला की शांतौच्या बाजूचं एक खेडं आहे, आमाच्या सासऱ्यांनी ते सोडलं, त्यानंतर घरातलं कुणी तिकडे फिरकलेलं नाही. शांतौ ऐकल्यावर माझ्या नवऱ्याचे डोळे चमकले, ते मी पाहिलं. पण त्यातून हे असं काही निघेल हे मला कुठून सुचणार.

घरी येताना बसमध्ये तो गप्प होता. मला वाटलं, जेवण जड झालं असेल.

पुढे एक दिवस तो म्हणाला की विवेकबरोबर बँकॉकला जाऊन येतो. विवेक त्याच्या ऑफिसातला जुना मित्र. मी म्हटलं जा, निवृत्तीनंतर घरात बसून माझ्या डब्यांना लेबलं लावण्यापेक्षा बरं. तो गेला, आणि दोन-तीन दिवसांनी सेरंगूनच्या मॉलमध्ये मला विवेक दिसला. कोथिंबीर निवडत होता. मला बघून इतका दचकला की हातातली जुडी ठेवून तो फ्रीजमधल्या मटारांकडे निघाला. मी तिथेच, भाज्यांच्या समोर उभी राहून नवऱ्याला फोन लावला.

"तू कुठे आहेस?"

"अगं, बँकॉकच्या जरा पुढे."

"किती पुढे?"

"लाओसमध्ये. उद्या सकाळी चीनची गाडी आहे. को मंडळींचं गाव बघून येतो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय? मुलगी द्यायची आहे त्या घरी."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, मॉलमधल्या लोकांनी ऐकलं तेवढं पुरे. सिंगापूरच्या पासपोर्टला चीनचा व्हिसा लागत नाही, नाहीतर हे प्रकरण मला आधीच कळलं असतं. विमान का नाही, असंही विचारलं. इथून विमानाने गेला असता तर त्याच दिवशी पोचला असता. हा मलेशियातून बसने थायलंडच्या हात याईला गेला, तिथून रेल्वेने बँकॉक, मग लाओसपर्यंत रात्रभराची गाडी. त्यावर त्याचं उत्तर असं की विमानाच्या तिकिटाचा मेल आपल्या दोघांच्या टॅबवर आला असता. म्हणजे अक्कल होती, फक्त चुकीच्या जागी वापरली.

मग सुरू झाले त्याचे आवाजी संदेश. हा माणूस फोनवर दोन वाक्यांत संपवतो आणि संदेशात प्रवचन देतो. मी ते कपडे वाळत घालताना ऐकायचे. चीनच्या सीमेवर सगळ्यांना सामानासकट गाडीतून उतरवतात, तिथे त्याचा नारळ गेला. स्थळाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून साहेबांनी बँकॉकमध्ये सोललेला नारळ घेतला होता. तपासणीला बसलेल्या मुलीने तो काढून घेतला. वर हाच माझी समजूत घालतो, काढून घेतला खरा, पण दोन्ही हातांनी घेतला, माणसं सभ्य आहेत.

गाडी डोंगरांच्या पोटातून जाते म्हणे. बोगदा संपला की दरी, दरी संपली की बोगदा, त्यामुळे त्याचे अर्धे संदेश मधेच तुटलेले. डब्यात गरम पाण्याचा नळ असतो. म्हातारे, तरुण, सैनिक, सगळे आपापला थर्मास घेऊन त्या नळाशी जातात आणि नुसतं गरम पाणी पितात. याचं त्याला कोण कौतुक. "सगळा देश माझ्या आईसारखा आहे," असं त्याने मला कळवलं. कुनमिंगला उतरला तर हवा थंड, आणि रस्त्यावर स्कूटर आहेत पण आवाज नाही. विजेवर चालतात, मागून येऊन अंगावरच येतात. पैसे कुणी हातात घेत नाही, भाजलेला बटाटा विकणारीसुद्धा फोनच पुढे करते. स्टेशन एवढं मोठं की त्यात आमचा अख्खा ब्लॉक आडवा मावेल. संध्याकाळी चौकात बायका रांगा करून नाचतात. हा बघत उभा होता, तर एकीने ओढून त्याला शेवटच्या रांगेत उभं केलं. रक्तदाबाची गोळी घेतलीस का, असं मी तीनदा विचारलं. त्याचं उत्तर मात्र एकाही संदेशात नव्हतं.

एका संदेशात मात्र मी कपडे बाजूला ठेवले. गाडीत शेजारी एक बाई होती, आमच्याच वयाची. तिने फोनवर भाषांतर करून त्याला सगळं विचारलं. वय काय, मुलं किती, मुलगी का मुलगा, लग्न झालं का, जावई काय करतो, तू एकटा का फिरतोस, बायकोशी भांडलास का. हा सगळी उत्तरं देत बसला, मजेत. आणि मग त्याचा आवाज जरा खाली गेला. म्हणाला, "अनघा, हिला माझ्याशी काही देणंघेणं नाही, तरी हिने एवढं विचारलं. को मंडळींनी एक शब्द विचारला नाही. आपण कोण, कुठले, त्यांना जाणून घ्यावंसंच वाटत नाही का?"

तेव्हा मला कळलं की त्या बसमध्ये जेवण जड झालं नव्हतं. कळलं म्हणून राग गेला असं नाही. असं काही मनाला लागलं तर सेरंगूनमध्ये सोफ्यावर बसून बायकोला सांगता येतं. त्यासाठी चीन कशाला लागतो?

कस्तुरीपासून मी लपवणार होते. पण तिने बाबाला फोन लावला आणि पलीकडून कुणीतरी स्टेशनवर चिनीत घोषणा केली. ती त्याच संध्याकाळी आमच्याकडे आली. आधी हसली, मग हसू बंद झालं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की झीयांगच्या आईला हे कळलं तर तिला एकच अर्थ लागणार: आपल्या घराण्यात काही खोट आहे का, हे बघायला ही माणसं आपल्या पूर्वजांच्या दारापर्यंत गेली, आपल्याला न विचारता. आणि आमाला तर कळताच कामा नये.

"आई, बाबा इज नॉट सीआयडी, ओके?" ती म्हणाली. "त्यांना कळलं ना, तर चहाच्या वेळी बाबाची खुर्ची नसेल. आय ॲम नॉट जोकिंग लाह. त्याला आत्ता परत बोलाव."

चहा म्हणजे त्यांच्या लग्नातला विधी. नवरानवरी दोन्हीकडच्या आई-वडिलांना खुर्चीवर बसवतात आणि वाकून चहा देतात. पद्मनाभने त्या दिवसासाठी नवा रेशमी कुर्ता शिवून घेतला आहे. कस्तुरी बोलली ते रागात बोलली, पण ती माझी मुलगी आहे. रागात बोललेलं ती शांतपणे पार पाडते.

मी पद्मनाभला कुनमिंगला गाठलं आणि मुलगी काय म्हणाली ते शब्दन् शब्द ऐकवलं. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, बरं, इथलं तळं तेवढं बघतो आणि फिरतो मागे. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात झीयांगच्या आईचा मेसेज आला. चहाच्या वेळी द्यायला कस्तुरीच्या बाबांना कसला चहा आवडतो, ऊलाँग का दुसरा, असं विचारत होती. मी कळवलं की ते बँकॉकला गेलेत, आल्यावर विचारते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पद्मनाभचा संदेश आला तो शांतौच्या वाटेवरच्या क्वांगचौहून. तळं छान होतं म्हणे, पण गाडी इतकी चांगली मिळाली की सोडवेना. माझ्या हातात तेव्हा इस्त्री होती. ती मी खाली ठेवली, एवढंच सांगते.

त्यानंतर एक अख्खा दिवस काही नाही. फोन लागेना. तो गेलाच असणार हे माहीत होतं. बसल्या बसल्या मला दिसत होतं की हा त्या खेड्यातला इस्त्रीवाला शोधतो आहे.

आज रात्री जेवण झाल्यावर त्याचा संदेश आला, आतापर्यंतचा सगळ्यात लांब. ज्या दिवशी आमाने गावाचं नाव सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीवाल्याकडून त्याने ते चिनीत लिहून घेतलं होतं. ते त्याने शांतौ स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्याला दाखवलं. गावात शिरताच मोठं वडाचं झाड, समोर पूर्वजांचं देऊळ, छपरावर रंगीत फुलं-पक्षी, आणि ओसरीवर म्हातारे चहा पीत बसलेले. बोटभर उंचीचे पेले, संपला की भरतात, संपला की भरतात. गावात निम्म्या घरांचं आडनाव को. याने फोनवर भाषांतर करून सांगितलं की माझी मुलगी सिंगापूरच्या को घरात जाणार आहे. झालं. कुणी पळत जाऊन खुर्ची आणली, कुणी एका नव्वदीच्या बाईला आणलं. आणि मग त्या सगळ्यांनी मिळून पद्मनाभची चौकशी सुरू केली. गाव कोणतं, वडील काय करायचे, मुलगी शिकली किती, स्वभाव कसा, तापट तर नाही ना. तो त्या जेवणासाठी तयार करून ठेवलेलं सगळं अखेर कुणाला तरी सांगू शकला. आवाजावरून कळत होतं, त्याला आकाश ठेंगणं झालं होतं.

को घराबद्दल त्याला एकच गोष्ट कळली. त्या म्हातारीने सांगितली. आमाच्या सासऱ्याला तिने पाहिलं नव्हतं, पण तिची आई सांगायची की त्या घरातली माणसं मुळातच अबोल. दारात पाहुणा आला की आधी खायला देणार, विचारणार काही नाही. पाहुण्याला प्रश्न विचारणं त्यांना उद्धटपणा वाटायचा. "अगं, त्यांच्यात विचारतच नाहीत," पद्मनाभ म्हणाला. "आधीपासूनच. आपल्यावर काही राग नाही त्यांचा."

इथे थांबला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण शेवटी तो उत्साहाने सांगतो की निघताना सगळ्यांबरोबर देवळासमोर फोटो झाला, तो गावाच्या ग्रुपवर गेला. सिंगापूरमध्ये त्या भागातल्या को लोकांचं एक मंडळ आहे, आपल्या मराठी मंडळासारखंच. मंडळातल्या एका काकांना गावातल्या एका पोराने देवळासमोरूनच व्हिडिओ कॉल लावला. ते काका तोआ पायोहलाच राहतात, आमाला ओळखतात, खूप आनंदले, आणि उद्या घरी जाऊन तिला स्वतः फोटो दाखवतो म्हणाले. किती छान योग, नाही?

मी तो संदेश दोनदा ऐकला. मग त्याला फोन लावला. उचलला नाही. बहुतेक त्याला जेवायला बसवलं असेल आणि कुणी विचारत असेल की बायको कशी आहे.

पहिल्यांदा मनात आलं की कस्तुरीला उठवावं. नंबर काढलासुद्धा. मग थांबले. तिला कळलं तर ती सकाळी सकाळी तोआ पायोहला जाऊन उभी राहील आणि आम्ही दोघं कशी अडाणी आहोत हे सांगून माफी मागेल. सासरी पाऊल टाकण्याआधीच बापाबद्दल खाली मान घालून बोलेल, आणि तो दिवस ती विसरणार नाही, बापाला विसरू देणार नाही. माझ्या नवऱ्याच्या उचापतींचं उत्तर माझ्या मुलीने का द्यायचं? आणि झीयांगला सांगितलं तर तो बिचारा दोन्हीकडून चेपला जाईल.

राहिली त्याची आई. तिला मी आतापर्यंत चार वेळा भेटले असेन. तिच्याबद्दल मला काय माहीत आहे? मासा उत्तम करते, हळू बोलते, आणि विचारत नाही. मी पण तिला काही विचारलेलं नाही, ती काय शिकवायची तेसुद्धा नाही. नवरा तिकडे एका परक्या गावात रात्रीपर्यंत गप्पा मारतो आहे आणि मी एमआरटीच्या दोन-चार स्टेशनांवर राहणाऱ्या बाईला टेबलांच्या आकड्याखेरीज काही सांगितलेलं नाही. वर बँकॉकची थाप मारली आहे.

ती भल्या सकाळी बाजारात जाते, हे झीयांगने एकदा सांगितलं होतं. ते काका त्याच्या आधी येणार नाहीत. ती घराबाहेर पडायच्या आत मी फोन करणार आहे. माफी मागायला नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. सरळ सांगणार आहे की कस्तुरीचे बाबा बँकॉकला नाहीत, तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांच्या गावी आहेत. आमच्यात मुलगी द्यायची म्हणजे घराची चौकशी करतात, तशी ते करून आले. तुमच्या घराबद्दल तिथे कुणी वाईट बोललं नाही. राग आला असेल तर तो त्यांच्यावर काढा, मीही काढतेच आहे, पण तो कस्तुरीवर नको. आणि आता तुमची पाळी. आमच्याबद्दल जे विचारायचं ते मला विचारा, आम्हाला उद्धट वाटणार नाही, उलट आम्ही वाट बघत होतो.

ती गप्प राहील. ती गप्प राहिली तरी मी फोन ठेवणार नाही.